कल्हई

आईनं विचारलं ते ऑपरेशनच्या आदल्या रात्री,
रावपुऱ्यातल्या दवाखान्याच्या खाटेवर,
उजव्या कुशीवर वळता येत नसताना:
"आत बसवतील ते कळकणार नाही ना गं?"

अकरा वर्षं मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत
हेच तर तपासते.
इतका सोपा शब्द
एकाही अहवालात लिहिलेला नाही.

पितळी पातेल्यात रात्रभर ताक राहिलं
की सकाळी हिरवट, जिभेला तुरट.
अंधारात धातू ताकाला काय बोलला
कुणी ऐकलं नाही.
ओतून दिलं, मोरीत.

म्हणून युसुफभाई यायचे पाणीगेटहून.
भाता, कोळसे, नवसागराचा डोळे झोंबवणारा धूर,
तापल्या तळाला कथलाची कांडी टेकवून
कापसाच्या बोळ्यानं एकच फिरकी,
की पातेलं बाहेरून आमचं
आणि आतून ताकाचं.

कारखान्यात हसमुखभाई आहेत.
त्यांची भट्टी काचेच्या खोलीत,
कानांवर डबडी लावून ते उभे राहतात
आणि ज्वाळेतून हाडाच्या क्षाराची पांढरी भुकटी
टायटॅनियमच्या खुंटीवर जाऊन बसते,
केसाच्या जाडीची, खरखरीत.
मुद्दाम खरखरीत. गुळगुळीत धातूचा
हाड हात धरत नाही.

"कल्हई केलेली असते, आई. हाडाची."
"कुणाच्या हाडाची?"

त्यातले नमुन्याचे तुकडे माझ्या टेबलावर येतात.
बरण्यांमध्ये शरीराचं पाणी,
कुणाच्याच शरीराचं नसलेलं,
क्षार मोजून मीच ढवळलेलं,
सदतीस अंशांवर ठेवलेलं.
त्याला ताप येत नाही, ते जिना उतरत नाही,
भाजीच्या पिशवीसकट पाय घसरून पडत नाही.
अठ्ठावीस दिवसांनी तुकडा काढायचा, पुसायचा,
तोलायचा: किती झिजला.
एका दिवाळीत वीज गेली तेव्हा धावत गेले होते,
बरण्या निवतील म्हणून.
करंज्यांचं सारण तसंच राहिलं परातीत,
आईनं ते चार दिवस ऐकवलं.

एकदा चौदा नंबरचा थर सुटला,
ओल आलेल्या भिंतीचा पोपडा सुटतो तसा.
लॉट बाद केला.
शेठ आठवडाभर माझ्याकडे न बघता जात.

आई आता चालते.
खिडकीला बारी म्हणते, रिक्षावाल्याला "ऊभी राखो",
भाव करते गुजरातीत,
रागावते मात्र थेट साताऱ्याच्या वळणावर,
जे सातारं तिनं दोनदाच पाहिलंय.
मूळ धातू कुठे संपला, थर कुठे लागला
हे आडवं कापून, घासून, भिंगाखाली धरलं
तरच मला सांगता येईल.

तिच्या फाइलीत एक चिकटपट्टी आहे,
खुंटीच्या डब्यावरची. डॉक्टर लावतात.
परवा विम्याचे कागद शोधताना
तिच्यावरचा लॉट नंबर वाचला
आणि दुसऱ्या दिवशी जुनी वही काढली.
पान मिळालं. एक गुरुवार.
"ठीक." खाली सही, माझीच,
शेपटी नेहमीपेक्षा आखूड.
घाईत होते का? डोकं दुखत होतं?
त्या गुरुवारचं काहीच आठवत नाही,
जेवणाचा डबासुद्धा नाही.

रात्री ती पाणी प्यायला उठते.
मी पडल्यापडल्या ऐकते:
डावा पाय, मग जरा थांबून उजवा.
हाड त्या भुकटीत शिरलं असेल एव्हाना,
आपलंच कुणी समजून.
असेल. बरणीत शिरायला
हाड नसतं.

युसुफभाई गेले, त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो.
तरी आईनं पितळी पातेलं काढलंच,
चिंचेनं घासून लख्ख.
"ताक घेतेस?" विचारते.
मी आधी वाकून
तळ बघते.